मावशी उद्यापासून येणार नाहीत : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
आज सकाळी लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरची मुलगी भेटली. कडेवर दहा महिन्यांचं बाळ, खांद्याला लॅपटॉपची बॅग, कानाला फोन. तिच्या बाळाला सांभाळणाऱ्या मावशींच्या सासऱ्यांना रात्री अर्धांगाचा झटका आला, मावशी मिळेल त्या एसटीने गावी गेल्या. "कधी येतील परत?" एवढंच मी विचारलं आणि तिचे डोळे भरले. तिथेच मला माझा २०१६ चा चैत्र आठवला.

लेक सव्वा वर्षाची होती. तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांचीच असायची, २६ आठवडे २०१७ पासून झाले. म्हणजे ती तीन महिन्यांची असल्यापासून मावशींकडे. मावशी गावच्या जत्रेला म्हणून चार दिवस सांगोल्याकडे गेल्या आणि पाचव्या दिवशी फोन आला. सुनेची सातव्या महिन्यातच डिलिव्हरी झाली होती, नातू काचेच्या पेटीत. "ताई, मला आता हितंच राहावं लागंल." काय बोलणार? नवरा तेव्हा चेन्नईला, माझ्या ऑफिसात ऑडिट.

वॉचमन, इस्त्रीवाला, दूधवाला, बागेत मुलांना घेऊन येणाऱ्या बाकीच्या मावशी, सगळ्यांना सांगून ठेवलं. दोन दिवसांत पाच जणी येऊन गेल्या. एक तर इतकी आवडली होती, पण तिची स्वतःची मुलगी चार वाजता शाळेतून यायची आणि मला साडेसातपर्यंत माणूस हवं होतं. शेवटी कामाला बायका देणाऱ्या ब्युरोतून बाई आल्या. एक पगार कमिशन म्हणून आधीच भरला. बाई शांत, स्वच्छ, काही म्हणजे काही वावगं नाही. पण लेक जेवेना, झोपेना. दाराजवळ मावशींच्या घरात घालायच्या स्लीपर होत्या. लेकीने त्या एकेक करून आणल्या, नव्या बाईंच्या पायाशी ठेवल्या आणि "जा" म्हणाली. मला अजून कळलेलं नाही की ती त्यांना हाकलत होती की मावशींना आणायला पाठवत होती.

त्या रात्री मी मावशींना फोन केला. म्हटलं, तुम्ही हिला झोपवता कसं? त्या म्हणाल्या, "मांडीवर न्हाई घ्यायचं. पायावर, उशी टाकून. आन डाव्या कानाची पाळी चोळायची, उजव्या न्हाई." बारा महिने ही बाई माझं मूल रोज झोपवत होती आणि मी आई असून हे कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्या बाईंनी तसं केलं. दहा मिनिटांत झोपली.

तुमच्याकडे कशी वेळ आली, कशी निभावलीत, लिहा. पाचव्या मजल्यावरच्या मुलीला वाचायला देणार आहे.

ठाणेकर_आई
डावा कान!! रडवलंस सकाळी सकाळी.
आमच्या मावशी संगमेश्वरकडच्या. गणपतीला जाणारच, ते दरवर्षी ठरलेलंच, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही. त्या स्वतःच वहिनीला बदलीवर आणून देतात आणि निघायच्या आधी तीन दिवस दोघी एकत्र येतात. तीन दिवस डबल पगार जातो, पण मुलगा हसत राहतो. हे शहाणपण त्यांचं, माझं नाही. मी पहिल्या वर्षी म्हटलं होतं तीन दिवस कशाला, एक पुरे.

कोल्हापुरी_मिसळ
आमच्याकडं उलटं झालंय. मावशी तीन वर्षं टिकल्यात आणि पोरगं घरात सगळ्यांना "काय करायलाईस?" विचारतंय. सासूबाई पुण्याच्या. त्यांना आता रोज सवय झालीय.

वाकड_फेज_टू
सध्या वाकडला १० तासांचे काय घेतात? मला पुढच्या महिन्यात लागणार आहे. कुणाकडे नंबर असेल तर मेसेज करा प्लीज

ठाणेकर_आई
@वाकड पुण्याचं माहीत नाही. आम्ही १८ हजार देतो, ९ तासांचे, रविवार सुट्टी, दिवाळीला एक पगार. नंबर इथे उघड्यावर नका टाकू कुणी.

पाळणाघर_डोंबिवली
१९ वर्षं पाळणाघर चालवते. सोमवारी सकाळी सातला फोन वाजला की उचलायच्या आधीच कळतं. "काकू, आजच्या दिवस घ्याल का?" घेते. नाही म्हणवत नाही. पण त्या आईची ७.४२ ची फास्ट असते, ती दारातून मूल हातात देते आणि पळते. मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. तिचा दोष नाही, लोकल थांबत नाही.
म्हणून सांगते, गरज नसताना या. मावशी घरी आहेत, सगळं नीट चाललंय, तेव्हाच पंधरा दिवसांतून एकदा दोन तास मूल जवळच्या पाळणाघरात ठेवा. त्याला जागा ओळखीची होऊ दे, मला त्याची भूक ओळखीची होऊ दे. मग आणीबाणीत ते परक्या घरी येत नाही. आणि पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं नका बघू. एक वर्षाच्या आतली मुलं किती आणि त्यांना उचलायला हात किती, ते मोजा. मी तीनच्या वर तान्ही घेत नाही. कुणी कितीही पैसे दिले तरी नाही.

एडिसन_न्यू_जर्सी
इकडे मावशी म्हणजे आई-बाबा आणि सासू-सासरे. एका वेळी सहा महिने राहता येतं, म्हणून आमचं सगळं वेळापत्रक त्या सहा महिन्यांवर. आई-बाबा २ तारखेला परत जाणार, सासूबाई-सासरे ३० ला पोचणार. २५ ला नागपूरहून फोन, सासरे बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. तिकिटं रद्द. आईचं परतीचं विमान आठवड्यावर. ज्या डे केअरमध्ये विचारलं तिथे वेटिंग लिस्ट, तान्ह्यांच्या वर्गात तर महिनोन्‌महिने.
आमच्या बिल्डिंगमध्ये एक तेलुगू आंटी आहेत, लॉन्ड्री रूममध्ये भेटायच्या, तेवढीच ओळख. मी तिथे वॉशरसमोर उभी राहून रडत होते. त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाल्या, उद्या आठ वाजता आण. सात आठवडे सांभाळलं त्यांनी. आमच्या मुलाचा पहिला शब्द आई नाही, बाबा नाही, "पालु". तेलुगूत दूध. सासूबाई व्हिडिओ कॉलवर हॉस्पिटलच्या कॉटशेजारून विचारत होत्या, पालु म्हणजे काय गं, पाल दिसली का त्याला?

कोल्हापुरी_मिसळ
पालु! मस्तच. सासरे बरे आहेत का आता?

एडिसन_न्यू_जर्सी
हो, काठी घेऊन चालतात. पुढच्या वर्षी दोघं येतायत.

नाइट_ड्यूटी
मी नर्स आहे, सरकारी रुग्णालयात. मार्च २०२०. लॉकडाऊन लागला आणि सोसायटीने कामाच्या सगळ्या बायकांना गेटवर अडवलं. मुलगी दोन वर्षांची, नवरा बेस्टमध्ये, त्याचीही ड्यूटी चालू. गेटच्या आत मावशी येऊ शकत नव्हत्या, गेटच्या बाहेर आम्हाला जावंच लागत होतं.
मावशी म्हणाल्या, पोरीला माझ्याकडे द्या. त्यांची खोली दहा बाय बाराची, माणसं पाच. मी विचार करत बसले. मग म्हणाल्या, "तुम्ही पेशंटकडून येणार, पोरीला धोका तुमच्याकडं जास्त." खरंच होतं ते. तेवीस दिवस ती तिकडे राहिली. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून लांबून बघायचे. एकदा ती मला बघून मावशींच्या पदराआड लपली. मास्कमुळे ओळखलं नाही.
मावशी आता गावी असतात. मुलगी भाऊबीजेला त्यांच्या मुलाला ओवाळते.

रानजाई
@नाइट_ड्यूटी मी हे ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचतेय. काही लिहिताच येत नाहीये.

अजून_एक_आई
५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीने पाळणाघर द्यायचं असा कायदाच आहे ना? २०१७ ला वाढीव रजेसोबतच आला होता. दिवसातून चार वेळा बाळाला जाऊन भेटता येतं त्यात. आमच्या एचआरने मला उत्तर दिलं "विचाराधीन आहे". मुलगा आता पहिलीत गेला.

वाकड_फेज_टू
पोलीस व्हेरिफिकेशन करता का तुम्ही लोक? आणि कॅमेरा?

ठाणेकर_आई
व्हेरिफिकेशन हो. आधारची झेरॉक्स, फोटो, फॉर्म. घाईत राहून जातं, पण करा. कॅमेरा आहे, पहिल्याच दिवशी कुठे आहे ते दाखवलं. लपवून लावायचा नाही. आपल्याला ऑफिसात कुणी लपून बघितलेलं चालेल का?

कळवा_ते_पवई
लिहू की नको करत होते. माझी आई हे काम करायची. तुम्ही सगळ्या जिला मावशी म्हणताय ती.
कळव्याहून पवईला. पहाटे पाचला उठून आमचं सगळं आवरून साडेसातला त्यांच्या दारात. जुळी मुलं होती, चार महिन्यांची असल्यापासून पाच वर्षं सांभाळली. त्यांना खरूज झाली तेव्हा आईलाही झाली. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला तिने सुट्टी मागितली, एकच दिवस, आठ दिवस आधी सांगून. ती मला सेंटरवर सोडायला आली, पेपर संपेपर्यंत बाहेर फुटपाथवर बसली. दुसऱ्या दिवशी गेली तर दारात दुसरी बाई. "तुमचा भरवसा नाही," मॅडम म्हणाल्या. महिन्याचे दिवस मोजून पैसे दिले. मुलं आतून "माची माची" ओरडत होती, तिला आत जाऊ दिलं नाही.
आईने घरी येऊन काही सांगितलं नाही. दोन दिवस नेहमीसारखी पहाटे उठून डबा करत होती. मला पेपर संपल्यावर कळलं.
तुम्हाला एका रात्रीत बाई शोधावी लागते ते मला समजतं, आता मलाही मुलगा आहे. पण आम्हालाही एका रात्रीत सांगतात. म्हणून माझ्याकडच्या ताईंशी पहिल्या दिवशीच ठरवलंय, कामावरून कमी करायचं झालं तर महिनाभर आधी सांगेन नाहीतर महिन्याचा पगार देईन. आणि शेवटच्या दिवशी मुलाला भेटूनच जायचं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं, लेखी द्या म्हणाल्या. दिलं.

पाळणाघर_डोंबिवली
बाळा, आईला माझा नमस्कार सांग.

नाइट_ड्यूटी
ती जुळी आता कॉलेजात असतील ना. आई आठवण काढते?

कळवा_ते_पवई
दोघांचे वाढदिवस तिच्या लक्षात आहेत. १९ ऑगस्ट. त्या दिवशी शिरा करते.

जिल्हा_परिषद_शाळा
अवांतर होईल, पण गावात हा प्रश्न नसतो असं शहरातल्यांना वाटतं. मी शिक्षिका, सासर-माहेर दोन्ही दुसऱ्या जिल्ह्यात. अंगणवाडीत तीन वर्षांपासूनची मुलं बसतात, त्याआधीचं काय? शेजारची आजी सांभाळायची. कापूस वेचणीला लागली की आजी शेतात, तिलाही रोज बुडवून चालत नाही. मग लेकराला साडीच्या झोळीत घालून बांधावर न्यायची, पण सोडायची नाही. तिच्याच हातच्या नाचणी सत्त्वावर वाढलाय माझा मुलगा.

वाकड_फेज_टू
सत्त्व कसं करायचं सांगाल का? आमचं बाळ सात महिन्यांचं आहे, बाजारचं द्यायला नको वाटतं

जिल्हा_परिषद_शाळा
नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे. मग पाणी घालून वाटायची, पातळ कापडातून पिळून गाळायची. ते पाणी न हलवता ठेवायचं, खाली साका बसतो. वरचं पाणी ओतून द्यायचं, साका ताटात पसरून कडक वाळवायचा. चमचाभर सत्त्व पाण्यात कालवून शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. गोडासाठी मध घालू नका हं, वर्षाच्या आत मध देत नाहीत.

कोल्हापुरी_मिसळ
गाळायला जुनी मलमलची ओढणी एकदम भारी. मिक्सर गरम होऊ द्यायचा न्हाई, थोडं थोडं वाटा.

रानजाई
पाचव्या मजल्यावर जाऊन आले. शुक्रवारपर्यंत बाळ दुपारी आमच्याकडे, माझी सासू आणि मी आलटून पालटून, मी घरून काम करतेय. लेक आता दहा वर्षांची आहे, शाळेतून आली की तिला नवीन खेळणंच मिळाल्यासारखं झालंय. सोमवारपासून इस्त्रीवाल्याच्या ओळखीतल्या एक ताई येणार आहेत.
मी त्या मुलीला म्हटलं, तुझ्या मावशींना फोन लाव. ती म्हणाली, कसा लावू, त्यांच्याकडे सासरे आयसीयूत आहेत. म्हटलं, आधी सासऱ्यांचं विचार. मग बाळाचं विचार. तिने लावला. पहिली पाच मिनिटं सासऱ्यांचंच चाललं होतं. मग मावशींनीच विचारलं, "बाबू झोपला का? पंखा तीनवर ठेवा, चारवर त्याला दचकायला होतं."

ठाणेकर_आई
आमच्याकडे दोनवर.