‘नैसर्गिक वाढ मंदावली’ म्हणजे लोकसंख्या घटली का?

वाशीकर: भूगोलाच्या स्वाध्यायपुस्तिकेत, छोट्या द्वीपराष्ट्रांवरच्या पाठात ‘नैसर्गिक लोकसंख्यावाढ मंदावली’ असं भाषांतर केलं होतं. तपासनिसांनी ते खोडून ‘लोकसंख्या घटू लागली’ केलं. दोन्हींचा अर्थ एकच का? शिवाय ‘नैसर्गिक’ला पर्याय हवा. मुलं त्याचा संबंध वादळ-पुराशी लावतात.

तलावपाळी: अजिबात एक नाही. नैसर्गिक वाढ म्हणजे जन्म वजा मृत्यू. हजारी जन्मदर २० आणि मृत्युदर ७ असेल तर वाढ हजारी १३, म्हणजे १.३ टक्के. जन्मदर १५ वर आला तर ती ८ होईल. मंदावली, पण माणसं वाढतच आहेत. माल्टात बाईमागे जेमतेम १.१ मूल, तरी २०११ ते २०२१ या दोन जनगणनांदरम्यान लोकसंख्या ४.१७ लाखांवरून ५.१९ लाखांवर गेली, ती बाहेरून आलेल्यांमुळे. तपासनिसांची दुरुस्ती तिथे सपशेल चुकेल.

घोडबंदर: शब्दच बदला. ‘जन्माधिक्य’. सुटसुटीत आहे, वादळाशी गल्लत नाही.

नेरुळकर: आणि मृत्यू जास्त झाले की ‘उणे जन्माधिक्य’ लिहायचं? ‘नैसर्गिक वाढ’ रुळलेला शब्द आहे. पहिल्या उल्लेखापाशी ‘जन्म वजा मृत्यू’ असा खुलासा द्या. आपली नवी मुंबई २००१ ते २०११ मध्ये सात लाखांवरून अकरा लाखांवर गेली, ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांनी. हे उदाहरण मुलांना लगेच कळेल.

घोडबंदर: रुळला म्हणून नेमका ठरत नाही. संज्ञेनं स्वतःच अर्थ सांगायला हवा.

तलावपाळी: त्याहून मोठी गल्लत ‘जन्मदर’ आणि ‘प्रजननदर’ यांत होते. जन्मदर एकूण लोकसंख्येत हजारी मोजतात, एकूण प्रजननदर बाईमागे. सामोआ, टोंगात बाईमागे अजून तीनाहून जास्त मुलं, पण तरुण मंडळी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला जातात. विशी-तिशीतल्या बायका गेल्या की प्रजननदर तोच राहूनही जन्मदर उतरतो आणि नैसर्गिक वाढ मंदावते. पाठात ‘कुटुंबं लहान झाली’ असं कारण दिलं असेल तर आधी तपासा.

नेरुळकर: आणि क्रियापदही जपून वापरा, ताई. तुवालूची लोकसंख्या दहा-अकरा हजार. दहा हजारांत एका वर्षी वीस बाळं कमी जन्मली की जन्मदर हजारी २ नं घसरतो. तीन किंवा पाच वर्षांची सरासरी काढल्याशिवाय ‘मंदावली’ लिहू नये. एका वर्षासाठी ‘कमी नोंदली गेली’ पुरे.

घोडबंदर: ‘द्वीपराष्ट्र’ तरी कशाला? राष्ट्र वेगळं, देश वेगळा. ‘बेटदेश’ लिहा.

नेरुळकर: आत्ता संस्कृत ‘आधिक्य’ हवं होतं, आता साधं ‘बेट’? ‘बेटदेश’ एकाच बेटाचा वाटतो. तुवालू नऊ बेटांचा, मालदीव हजारांवर बेटांचा.

घोडबंदर: समासात संख्या मोजत नाहीत. ‘पुष्पहार’ एका फुलाचा असतो का?