प्लेनोचे जुने ट्रॉली स्थानक: एवढी मोठी इमारत कशासाठी?

दादरकर:
माझे आईवडील सध्या डॅलसला आमच्याकडे आले आहेत. गेल्या आठवड्यात आम्ही डार्टच्या (डॅलस परिसरातील सार्वजनिक वाहतूक सेवेच्या) रेड लाइन रेल्वेने डाउनटाउन प्लेनोला उतरलो आणि शेजारच्या हॅगार्ड पार्कमधील, आता संग्रहालय झालेले १९०८ सालचे विटांचे ट्रॉली (विजेच्या ट्रॅमसारखी गाडी) स्थानक पाहिले. एका तिकीटखिडकीवर आणि चार बाकांवर जिथे भागले असते, तिथे एवढी भरभक्कम इमारत का बांधली असावी, असे बाबांनी विचारले आणि मी निरुत्तर झालो. तिथल्या ३६० क्रमांकाच्या डब्याविषयीही कोणी सांगितल्यास बरे होईल.

रूळवेडा:
ती इमारत केवळ प्रवाशांसाठी नव्हती. तिच्यात वीज उपकेंद्रही होते. डॅलसहून शर्मन, डेनिसनकडे जाणारी ही गाडी डोक्यावरच्या तारेतून एकदिश प्रवाह (डीसी) घेत असे, आणि कमी दाबाचा (व्होल्टेजचा) असा प्रवाह लांबवर नेला की त्याचा दाब वाटेतच घसरतो. म्हणून उच्च दाबाची प्रत्यावर्ती (एसी) वीज आणून मार्गावर ठिकठिकाणी तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर करावे लागे. यंत्रघरालाच तिकीटघर जोडले होते, असे बाबांना खुशाल सांगा.

सावकाश_प्रवासी:
३६० हा १९११ सालचा डबा फिरते टपाल कार्यालय म्हणून वापरला जाई. म्हणजे पत्रांच्या थैल्या नुसत्या वाहून न नेता, गाडी धावत असतानाच कारकून त्यांची गावनिहाय वर्गवारी करत. हादरणाऱ्या डब्यात उभे राहून पत्ते वाचायचे, हे मला तरी जमले नसते. पुढे मोटारी आणि चांगले रस्ते आले, प्रवासी आटले आणि ३१ डिसेंबर १९४८ रोजी ही गाडी चालवणाऱ्या टेक्सास इलेक्ट्रिक कंपनीची सेवा थांबली.

माटुंग्याची:
दादरकर, आपल्याकडे नाव तेवढे उरले. दादर टी.टी. म्हणजे ट्रॅम टर्मिनस. मुंबईत ७ मे १९०७ पासून धावणारी विजेची ट्रॅम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची आली; तरी 'टी.टी.ला उतरायचंय' असे कंडक्टरला सांगणारे अजून आहेत. बेस्टच्या आणिक आगारातील संग्रहालयात ट्रॅमच्या प्रतिकृती आहेत, पण दादरला आत शिरून पाहावे असे स्थानक नाही, याची मला खंत वाटते.

दादरकर:
सर्वांचे आभार. टी.टी.चा अर्थ बाबांना ठाऊक होता, मलाच नव्हता. यंत्रघर पाहायला त्यांना पुन्हा जायचे आहे.