मदत हवी आहे : लिलावात हल्क १८१ आलाय, बोली कुठवर नेऊ?

सायंतारा
परवा रात्री लिलाव बंद होतोय. मार्व्हलच्या 'हल्क' कॉमिकचा १८१ वा अंक, वुल्व्हरिन हे पात्र सुरुवातीला ज्यात आलं तो. मुखपृष्ठ छान आहे, पाठीला दोन-तीन बारीक सुरकुत्या. सहा वर्षं हाच अंक शोधतेय. बोली कुठवर न्यावी? लवकर सांगा प्लीज.

शाईचा_डाग
ग्रेडेड (म्हणजे कंपनीने तपासून, दर्जाचा आकडा देऊन डबीत बंद केलेला) की सुटा? ग्रेडेड असेल तर आकडा किती, लेबल कुठल्या रंगाचं?

सायंतारा
सुटा. विकणाऱ्याने 'व्हेरी फाइन', म्हणजे बराच चांगला दर्जा, असं लिहिलंय. बोलीचं सांगा ना कोणीतरी.

जुनी_पानं
स्टॅम्प आहे का?

सायंतारा
कसला स्टॅम्प? पोस्टाचा?

जुनी_पानं
नाही हो ताई. मार्व्हलने १९७४ मध्ये अंकांच्या आत 'व्हॅल्यू स्टॅम्प' छापायला सुरुवात केली. मुलांनी ते कापून वहीत चिकटवायचे, अशी ती योजना होती, आणि मुलांनी मनापासून कापले. १८१ मध्ये वाचकांच्या पत्रांच्या पानावर शॅना या पात्राचा स्टॅम्प आहे. तो कापलेला असेल तर बाहेरून अंक कितीही कोरा दिसो, किंमत धाडकन उतरते. सीजीसी या ग्रेडिंग कंपनीकडे पाठवलात तर हिरवं 'क्वालिफाइड' लेबल, म्हणजे मोठा दोष नोंदवलेलं, मिळेल, नाहीतर अगदी खालचा ग्रेड. त्या पानाचा आणि मधल्या जोडपानाचा फोटो आजच मागवा.

निळं_लेबल
माझं स्पष्ट मत, एवढा महागडा अंक सुटा घेऊच नये. मी एकदा घेतला होता. घरी आल्यावर कळलं की कडा कापून सरळ केल्यात आणि पाठीवर रंग भरलाय. ग्रेडिंगला पाठवला तर जांभळं लेबल लागलं, म्हणजे 'रिस्टोअर्ड', डागडुजी केलेला. फोटोत यातलं काही दिसत नाही.

शाईचा_डाग
डबीत बंद केलेला अंक उघडून वाचणार कसा? आणि तुमच्या निळ्या, म्हणजे साध्या बिनशेऱ्याच्या, लेबलातही प्रेस केलेले अंक असतातच. सीजीसी प्रेसिंगला रिस्टोरेशन मानत नाही.

निळं_लेबल
प्रेसिंग म्हणजे उष्णता आणि दाब देऊन सुरकुत्या काढणं. त्यात बाहेरचं काही भरलं जात नाही. रंग लावणं वेगळं. दोन्ही एका मापाने मोजू नका.

पेन्सिल_स्केच
अवांतर : वुल्व्हरिन पहिल्यांदा दिसतो तो १८० च्या शेवटच्या पानावर. १८१ मध्ये तो पूर्ण अंकभर आहे. माझ्या मते खरा पहिला अंक १८०.

जुनी_पानं
हा वाद इथे नको. धागा भरकटेल.

कपाटवाली
घेतलात की साध्या प्लास्टिकमध्ये ठेवू नका. मायलरची (टिकाऊ पारदर्शक फिल्मची) पिशवी आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा. अंक उभा ठेवा, दमट जागेत नको, स्टेपल गंजतात.

सायंतारा
अहो, अजून घेतलाच नाहीये! बोलीचं कोणीच सांगत नाहीये.

शाईचा_डाग
आधी नियमावली वाचा. हातोडा पडतो त्या रकमेवर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलावगृह घेतं ते शुल्क, लागतो. २० टक्के असेल तर १०० ची बोली म्हणजे १२०, वर पाठवणी आणि कर. म्हणून एकूण किती देऊ शकता ते आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत बोलीपर्यंत या.

सायंतारा
पानाचा फोटो आला. स्टॅम्पच्या जागी चौकोनी भोक आहे. वर्णनात याबद्दल एक शब्द नव्हता. खूप वाईट वाटलं. बाकी पानं शाबूत आहेत, मधलं जोडपानही. मला विकायचा नाहीये, जवळ हवाय. मग घेऊ का?

निळं_लेबल
नका घेऊ. पूर्ण प्रत मिळेपर्यंत थांबा.

जुनी_पानं
जवळ ठेवायचा असेल तर जरूर घ्या, फक्त कापलेल्या प्रतीच्या भावात. लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या नोंदींत 'स्टॅम्प नाही' लिहिलेले १८१ शोधा. त्यातले अलीकडचे चार-पाच आकडे पाहा आणि त्यांच्या वर जाऊ नका. 'व्हेरी फाइन'चा भाव विसरा.

सायंतारा
शोधते. त्या आकड्यांत प्रीमियम धरलेला असतो का?

जुनी_पानं
बऱ्याच ठिकाणी धरलेला असतो. तसा असेल तर तुमची बोली तेवढ्याने खाली ठेवा.