मदत हवी आहे: पैलवानाला 'शॅम्पू' करतात, हे मराठीत कसं लिहू?

नमस्कार मंडळी, आमच्या तालमीच्या स्मरणिकेसाठी एका जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनातली दोन पानं मराठीत आणायला बसलोय. लिहिणारा साहेब १८५० च्या आसपासचा, आणि मेहनत झाल्यावर दोघं-तिघं मिळून पैलवानाला शॅम्पू करतात असं त्यानं लिहून ठेवलंय. आता कुस्तीच्या मातीच्या हौदातनं बाहेर आलेल्या गड्याचे केस धुवायला तिघं कशाला लागतील हो?

डिक्शनरी काढली तर शॅम्पू हे आधी क्रियापद, आणि अर्थ चक्क अंग दाबणं, रगडणं. मूळ हिंदीतलं चाँपना, त्यातलं 'चाँपो' साहेबलोकांनी उचललं, इंग्रजीत १७६२ पासून सापडतंय. पुढं पाटण्याचा शेख दीन मुहम्मद म्हणून एक माणूस इंग्लंडात ब्रायटनला जाऊन राहिला, तिथं वाफेचं स्नान आणि मालीश असा धंदा काढला आणि तो एवढा चालला की चौथ्या जॉर्ज राजानं त्याला आपला शॅम्पूइंग सर्जन नेमलं (आमच्याकडं रगडणाऱ्या पोराला खुराकातला वाटा मिळाला तरी लई झालं). केस धुणं हा अर्थ १८६० च्या मागंपुढं आला आणि बाटलीतलं शॅम्पू तर त्याच्याही नंतरचं. म्हणजे आमच्या साहेबाचा अर्थ जुनाच धरायचा, तिथवर शंका नाही.

अडलंय ते मराठीला. मालीश लिहिलं की तेल आलंच, आणि ह्या दोन पानांत तेलाचं नाव नाही. चंपी म्हटलं की नुसतं डोकं. चेपणं अर्थानं बरोबर बसतंय पण 'पैलवानाला चेपला' असं छापलं तर लोक म्हणतील कुस्तीत हरला की काय. तालमीत पोरं 'अंग रगडून घेतो' म्हणतात, मला तेच बरं वाटतंय, पण वस्तादांच्या मते रगडणं वेगळं आणि दाबणं वेगळं. त्यात पुढच्या पानावर साहेबानं घोड्यालाही शॅम्पू करवलाय! तिथं खरारा चालेल का? खरारा म्हणजे तर घासणं झालं, दाबणं नव्हे.

अजून एक, आपण साडी चापूनचोपून नेसली म्हणतो त्यातलं चापणं आणि हे चाँपना एकच का? भाषेतल्या जाणकारांनी जरा सांगा. आणि टीप न देता शाळेतल्या पोरालाही कळेल असा एखादा शब्द असला तर आधी तो द्या, मजकूर छापायला द्यायचाय.