अकोला, वरचा मजला: तीन आठवड्यांचं बाळ आणि ७९ वर्षांच्या सासूबाई, दुपारी काय करावं?

अकोल्याची मास्तरीण

नमस्कार. एप्रिल अजून संपला नाही आणि आमच्याकडे पारा ४३-४४ वर जाऊन बसलाय. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, तर पुढेच आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, डोक्यावर थेट गच्चीची स्लॅब. घरात सासूबाई आहेत, वय ७९, दोन्ही गुडघे गेलेले, बीपीची गोळी चालू आणि पाय सुजतात म्हणून एक पाण्याची गोळी. शिवाय नणंद बाळंतपणाला आलेली, बाळ तीन आठवड्यांचं. कूलर एकच, लोखंडी, बाहेरच्या खोलीच्या खिडकीला लावलेला. एसी घ्यायचा विचार केला, पण वायरिंग जुनं आहे आणि दुपारी व्होल्टेज इतकं पडतं की पंखासुद्धा रेंगाळतो.

बाळाला कूलरचं वारं लागेल असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून बाळ-बाळंतीण आतल्या खोलीत, खिडकी बंद. बाळाच्या डोक्याला टोपडं, अंगाला दुपटं गुंडाळलेलं, झोळीवर साडी टाकलेली. सकाळी मालिशवाल्या मावशी शेगडी पेटवून शेक देतात, ती धग दुपारपर्यंत खोलीतून जात नाही. नणंदेला पाणीसुद्धा मोजून मिळतं, का तर बाळंतिणीने जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं.

सासूबाई स्वतःही त्याच खोलीत बसून राहतात आणि पाणी पीत नाहीत. "मले नाई लागत तहान. असे लय उन्हाळे पाह्यले म्या." खरं कारण मला कळतं. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि आमचं संडास-बाथरूम मागच्या बाजूला, उंबरा ओलांडून दोन पायऱ्या उतरून आहे. दर वेळी त्यांच्या गुडघ्यातून कळ निघते.

माझी शाळा सकाळची, साडेबाराला घरी येते. परवा आले तेव्हा त्या खाटेवर बसून माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. "शाळा सुटली का?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. पदर सारखा करत पुन्हा तेच विचारलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. ताक दिलं, हातपाय पुसले, संध्याकाळपर्यंत नेहमीसारख्या झाल्या. तेव्हापासून मला धसका बसलाय. कोणी असं घर सांभाळलं असेल तर कृपा करून सांगा.

चंद्रपूरची सिस्टर

ताई, मी निवृत्त परिचारिका, बरीच वर्षं बाळंतीण विभागात काढली, आणि घरी सासरे अंथरुणाला खिळलेले होते. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तेच तेच विचारणं. म्हाताऱ्या माणसाला ऊन लागतं ते घरात बसूनही लागतं. घाम कमी येतो, तहानेची जाणीव वयाबरोबर बोथट होते, म्हणून त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना खरोखर तहान लागत नाही. पहिली खूण बऱ्याचदा बोलण्या-वागण्यात दिसते. पुन्हा तसं झालं तर संध्याकाळची वाट पाहू नका.

आता बाळाचं. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली होती, पारा ४६.८ पर्यंत गेला, त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात उष्णतेमुळे नवजात बाळं अतिदक्षता विभागात दाखल होत होती. डॉक्टरांनी नोंदी तपासल्या तर ४२ अंशांच्या वर पारा एकेक अंशाने चढला की अशी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. बाळंतिणींचा विभाग तिथे सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर आणला आणि पुढच्या उन्हाळ्यांत अशी बाळं कमी झाली. इमारत तीच, शहर तेच, फक्त मजला बदलला. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेसाठी शहराचा आराखडा केला, देशातला तो पहिला.

म्हणून माझं सांगणं एवढंच: आधी माणसं हलवा, यंत्रांचं नंतर बघू. खाली कोण राहतं? घरमालक असतील तर त्यांना सरळ विचारा. सकाळी दहा-साडेदहापासून संध्याकाळी सहा-सातपर्यंत खालची एक खोली मिळाली तरी निम्मं काम झालं. संकोच करू नका, तान्ह्या बाळाला वऱ्हाडात कोणी नाही म्हणत नाही.

शेगडी आजपासून बंद. शेक ही थंडी-पावसाळ्यातली सोय, ४४ अंशांत तिची गरज नाही. मालीश राहू द्या, ती सकाळी सातच्या आत उरकून घ्या. टोपडं काढा. एवढ्याशा जिवाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, अंगातली बरीच उष्णता तिथूनच निघते. पातळ सुती झबलं पुरे. झोळीवरची साडी आधी काढा, आत हवा कोंडते. डास असतील तर मच्छरदाणी लावा. कूलर खोलीत असू दे, झोत मात्र बाळावर नको, भिंतीकडे वळवा. बाळाला पाणी, ग्राइप वॉटर, मध, घुटी यांतलं काहीही नको. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, उन्हाळ्यातसुद्धा, फक्त जास्त वेळा पाजा. आणि दूध पाण्याशिवाय कुठून येणार? नणंदबाईंनी तहान लागेल तितकं प्यावं, पाजायला बसताना हाताशी तांब्या असावा. पोट सुटण्याशी त्याचा काही संबंध नाही.

दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होतायत ना, ते बघा. कमी झाले, बाळ दूध ओढेना, सुस्त पडून राहिलं किंवा टाळू खोल गेली तर लगेच डॉक्टर. काखेत थर्मामीटर लावून १००.४ किंवा जास्त आलं तर उन्हाने असेल असं म्हणून थांबू नका. या वयात ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

सासूबाईंसाठी सगळ्यात आधी कमोडची खुर्ची आणा. सर्जिकल दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते. खाटेशेजारी पडद्याआड ठेवा. उठण्याची कळ गेली की पाण्याचा वाद आपोआप मिटतो, माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हे डोळ्यांनी पाहिलंय. तासाला अर्धा पेला, बहुतेक पाणी सकाळी सहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान, म्हणजे रात्री कमी उठावं लागेल. आणि डॉक्टरांना उद्याच फोन करा. पाण्याची गोळी शरीरातलं पाणी बाहेर काढते आणि बीपीची गोळी उन्हाळ्यात जास्त लागू पडू शकते. उभं राहताना चक्कर येते का, हे बीपी मोजून सांगा. मात्रा कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, स्वतःहून गोळी बंद करू नका.

वायरमन वर्धा

सिस्टरनं बराबर सांगतलं. माह्याकडून कूलरचं घ्या. कूलर केवढाही मोठा असू द्या, हवा बाहेर जायले जागा नसली तं उपेग नाई. समोरचं दार नाईतं दुसरी खिडकी अर्धी उघडी पाह्यजे. बंद खोलीत तासाभरात दमट होते, मंग लोक म्हणतात कूलर बिघडला. मागच्या साली वापरलेल्या ताट्यांवर (कूलरच्या बाजूले पाणी धरणाऱ्या गवताच्या जाळ्या) क्षार जमून त्या टणक होतात, पाणी धरत नाईत. नव्या टाका. वाळ्याच्या महाग पडतात, साध्या गवताच्या बी चालतात.

लोखंडी कूलर म्हणता तं हे नीट वाचा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लेकरं जातात. पाणी भरताना प्लग काढाचा, नुसतं बटन बंद करून भागत नाई. थ्री-पिन प्लग आणि अर्थिंग चालू आहे का हे वायरमनकडून पाहून घ्या, जुन्या घरात बहुतेक नसते. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, खर्च होऊ द्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरले हात लावाचा नाई. आठवड्यातून एकदा टाकी पुरी खाली करून घासाची, नाईतं डेंग्यूचे डास तुमच्याच घरात.

गच्चीवर चुना मारा. फेविकॉल मिसळून दोन हात. मालकाले सांगा, खर्च थोडा आणि खालची खोली दोन-तीन अंशानं तरी उतरते.

पनवेलकर

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडे पारा ३७-३८ च, पण बाबांना (वय ७२, हृदय कमकुवत) बसल्या जागी दम लागतो. कूलर आणला तर सगळं चिकचिकीत झालं. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय, आणि इथे सगळे भरपूर पाणी प्या म्हणतायत.

चंद्रपूरची सिस्टर

दादा, कोकणपट्टीत कूलर नकोच. आमच्याकडे दुपारची हवा कोरडी ठणठणीत, पाणी चटकन उडतं आणि हवा गार होते. तुमच्या हवेत आधीच पाणी, त्यात कूलर आणखी भर घालतो, घाम सुकत नाही. आणि ३७ ला कमी समजू नका. हवामान विभागसुद्धा किनाऱ्यासाठी लाटेचा निकष ३७ पासून धरतो, आमच्यासाठी ४० पासून. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला पारा ३८ च्या आसपास होता, आणि भर उन्हात बसलेली १४ माणसं गेली.

बाबांसाठी जमत असेल तर एका खोलीला एसी, २६-२७ वर, सोबत पंखा. नसेल तर ओल्या पंचाने मान, दंड, पोटऱ्या पुसून पंख्याखाली बसवा. पाण्याची मर्यादा इथे वाचून मोडू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा की या लाटेपुरती ती किती असावी. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलोचा फरक, वर किंवा खाली, दिसला की फोन. दम वाढला तर मात्र फोन नाही, थेट दवाखाना.

अकोल्याची मास्तरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. खालच्या काकूंना विचारायला गेले तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी मधल्या खोलीतली गव्हाची पिंपं बाजूला सरकवायला घेतली. त्या खोलीला दोन्हीकडे खोल्या आहेत, उन्हाची भिंतच नाही. सकाळी दहाला सगळे खाली जातात. सासूबाईंना जिना एकदाच उतरायचा आणि रात्री एकदाच चढायचा, मागून मी आणि पुढे माझे यजमान. बाळ खाली जातंय म्हटल्यावर त्यांनी नाही म्हटलं नाही, नातवाला सोडून त्या वर कशा राहतील?

दोन्ही मजल्यांवर एक-एक साधा थर्मामीटर टांगला. काल दुपारी तीनला वरच्या आतल्या खोलीत ४१, खाली ३५. मी तो आकडा सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण बाळाचं टोपडं त्यांनी स्वतःच्या हाताने काढून उशाखाली ठेवलं.

कमोडची खुर्ची भाड्याने आणली, काकूंच्या मोरीत ठेवली. पहिल्या दिवशी लाजल्या, आता मी विचारायच्या आधी पेला पुढे करतात. डॉक्टरांनी बीपी पाहून पाण्याची गोळी एक दिवसाआड केली. वायरमनदादा, अर्थिंग खरंच नव्हतं. आरसीसीबी बसवून घेतला आणि काकूंनाही बसवायला लावला.

दोन गोष्टी राहिल्यात. नळ आमच्याकडे पाच-सहा दिवसांनी येतो, त्यामुळे अंग पुसायला आणि कूलरला मिळून पाणी पुरत नाही. आणि रात्र. वर आलो की अकरा-साडेअकरापर्यंत भिंतींना हात लावला तर गरम लागतात. सासूबाईंना रोज ओआरएस द्यावं का, हेही सांगा.

चंद्रपूरची सिस्टर

वाचून फार बरं वाटलं, ताई. काकूंना माझा नमस्कार सांगा.

पाण्याचं असं करा. सासूबाईंना दुपारी खुर्चीवर बसवून पाय घोट्यांपर्यंत बादलीत, दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत, पंधरा-वीस मिनिटं. माठातलं गार नको, साधं पाणी. आंघोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं आणि अंग चांगलं निवतं. तेच पाणी सूर्य मावळल्यावर गच्चीवर पोती अंथरून त्यांवर शिंपडा. भर दुपारी शिंपडू नका, पाणी वाया जातं.

रात्री आठनंतर बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झाली की सगळ्या खिडक्या उघडा आणि एक पंखा खिडकीकडे तोंड करून लावा, आतली तापलेली हवा बाहेर ढकलेल. सकाळी साडेसातला पुन्हा सगळं बंद, पडदे ओढून. काकूंची हरकत नसेल तर लाटेच्या दिवसांत रात्री दहा-अकरापर्यंत खालीच थांबा, किंवा खालीच झोपा. सतत तापलेल्या रात्री म्हाताऱ्या शरीराला दुपारइतक्याच जड जातात, सावरायला वेळच मिळत नाही.

ओआरएस रोज नको, त्यांना बीपी आहे आणि त्यात मीठ असतं. जुलाब, उलटी किंवा खूप घाम झाला तर डॉक्टरांना विचारून द्या. पूर्ण पाकीट, त्यावर लिहिलंय तितक्याच पाण्यात (मोठं पाकीट असेल तर एक लिटर), अर्ध्या पाकिटाचा अंदाज नको, आणि केलेलं चोवीस तासांनंतर टाकून द्या. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. एरवी पातळ ताक कमी मिठाचं, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील, टरबुजाची फोड, जे आवडेल ते.

आणि हे लिहून फ्रिजवर चिकटवा, म्हणजे तुम्ही शाळेत असताना नणंदबाईंना किंवा काकूंना शोधावं लागणार नाही. अंग चटका बसावा इतकं गरम आणि बोलणं असंबद्ध, किंवा झोपेतून उठेनात: आधी १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत लुगडं सैल करून अंगभर पाणी ओतत राहायचं, वर पंखा, बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नाही, श्वासनलिकेत जातो. तापाची गोळी द्यायची नाही, उष्माघातात ती चालत नाही. साठवलेलं पाणी त्या वेळी हात आखडून वापरू नका, सगळी टाकी रिकामी झाली तरी चालेल.

वायरमन वर्धा

आणि पाणी ओतताना खाटेजवळचा टेबलफॅन, एक्स्टेंशन बोर्ड लांब सरकवा. छताचा पंखा चालू द्या.