परीक्षेत ९० टक्के, महिनाभराने त्याच चुका: बॅच बदलाचं प्रशिक्षण नव्याने कसं मांडावं?

प्रशिक्षण_कक्ष (प्रश्न)

पॅकिंग लाइनवर ६० ऑपरेटर, तीन पाळ्या. शिकवायचं ते एका बॅचवरून दुसऱ्या बॅचवर जाणं: लाइन रिकामी करणं, लेबलचा रोल बदलणं, बॅच क्रमांक आणि तारीख टाकणं, सदोष नग बाहेर फेकणाऱ्या सेन्सरची चाचणी, पहिले पाच नग तपासून सही. सगळ्या मिळून १४ पायऱ्या.

सध्या २०-२० जणांना सलग दोन दिवस वर्गात बसवतात. ११० स्लाइड आणि शेवटी २५ बहुपर्यायी प्रश्न. सरासरी गुण ९० टक्के, अभिप्रायही उत्तम. चार-पाच आठवड्यांनी लाइनवर पाहिलं तर तीन चुका पुन्हा सापडतात: जुनी लेबलं कन्व्हेयरखाली राहिलेली, तारीख बदललेली पण बॅच क्रमांक जुनाच, आणि सेन्सरची चाचणी न करताच सही.

वरून सूचना आहे की हेच दोन दिवस पुन्हा घ्या. प्रौढ शिक्षणाच्या सिद्धांतांप्रमाणे नेमकं काय बदलावं? बघून शिकणारे, ऐकून शिकणारे असे गट पाडले तर फरक पडेल का?

---

मूळ_कारण

आराखड्याला हात लावण्याआधी या तीन चुका वेगळ्या करा. तिन्हींवर एकच औषध चालणार नाही.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली सुचवलेली कसोटी इथे लावा: जीव पणाला लागला तर हे काम या माणसाला जमेल का? सही करून मोकळ्या झालेल्या ऑपरेटरच्या हातात सेन्सरचा चाचणी-नग (सेन्सरने बाहेर फेकायलाच हवा असा मुद्दाम सदोष ठेवलेला नग) द्या आणि म्हणा, करून दाखवा. बिनचूक करून दाखवलं तर त्याला ज्ञान कमी नाही, आणि कितीही तास वर्गात बसवलंत तरी ती सही तशीच होत राहणार. मग प्रश्न बदलतो. चाचणी-नग कुठे असतो? गुणवत्ता विभागाच्या कपाटात कुलूपबंद असेल आणि सुपरवायझर घड्याळ लावून बदलाचे मिनिट मोजत असेल, तर चाचणी टाळणं हेच त्या जागेवर सोयीचं ठरतं. चाचणी-नग लाइनला साखळीने बांधून ठेवा. सहीच्या रकान्याऐवजी सेन्सरने नग फेकल्याची वेळ लिहायला लावा.

बॅच क्रमांकाची चूक ही विसर आहे. दोन्ही रकाने यंत्राच्या वेगवेगळ्या पडद्यांवर असतील तर पहिला भरला की काम संपल्यासारखं वाटतं. छापलेलं पहिलं लेबल नोंदपत्रकावर चिकटवायचं आणि शेजारी कामाच्या आदेशावरून क्रमांक हाताने उतरवायचा, एवढा बदल पुरतो. डोळ्यांसमोर दोन आकडे शेजारी आले की फरक दिसतो.

कन्व्हेयरखाली राहिलेली लेबलं शोधणं मात्र खरोखर शिकवण्याचा विषय आहे. कुठे वाकायचं, कोणतं झाकण उघडायचं, टॉर्च कोणत्या कोनातून मारायचा, हे स्लाइडवर कळत नाही.

---

सराव_आधी

वरचं निदान बरोबर आहे, ते आधी करा. शिकवण्याचा जो भाग उरेल त्याची मांडणी सांगते.

दोन दिवसांच्या शेवटी घेतलेली परीक्षा त्या संध्याकाळची आठवण मोजते. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा चारदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटं झालं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तुमचे ९० टक्के हे त्या पाच मिनिटांनंतरच्या आकड्यासारखे आहेत. तेव्हा सांगण्याचा वेळ कापून आठवायला लावण्यावर घाला, आणि आठवण्याच्या खेपांमध्ये अंतर ठेवा.

मांडणी अशी. तीन जण आणि एक शिकवणारा, यंत्रापाशी. तिघांपेक्षा जास्त नकोत, चौथ्याला कन्व्हेयरखालचं दिसत नाही. पहिल्या दिवशी ९० मिनिटं, तिसऱ्या दिवशी ४५, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी ३०-३० मिनिटं. ऑपरेटरमागे सव्वातीन तास झाले.

पहिल्या खेपेला १४ पायऱ्या एका दमात देऊ नका. रिकामं करणं, बदलणं, खात्री करणं, असे तीन तुकडे करा आणि एक तुकडा हातात बसल्यावर पुढचा घ्या. प्रत्येक तुकड्यासाठी तीन रकान्यांचा कागद हवा: पायरी, खुबी, कारण. खुबी म्हणजे जिच्यावाचून पायरी फसते ती गोष्ट. ‘रोल काढा’ ही पायरी. ‘शेवटचं लेबल सोलणाऱ्या पट्टीवरून हाताने ओढून मोजा’ ही खुबी. ‘तिथे अडकलेलं एक लेबल पुढच्या बॅचच्या पहिल्या नगावर बसतं’ हे कारण. एका पायरीला तीनपेक्षा जास्त खुब्या निघाल्या तर ती मुळात दोन पायऱ्या आहेत असं समजा.

दाखवण्याची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांसाठी चाललेल्या कार्यक्रमातली आहे आणि आजही तिला तोड नाही. शिकवणारा तीनदा करून दाखवतो: आधी फक्त पायऱ्या सांगत, मग खुब्यांसकट, मग कारणांसकट. त्यानंतर शिकणारा करतो: आधी न बोलता, मग पायऱ्या बोलत, मग खुब्या, मग कारणं. बरेच शिकवणारे घाईत शिकणाऱ्याचं बोलणं गाळतात. तिथेच फसतं, कारण हात बरोबर चालत असतानाही कारण माहीत नसेल तर घाईच्या वेळी नेमकी तीच खुबी गळते.

तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी काहीही पुन्हा सांगायचं नाही. आल्याआल्या कोरा कागद: एका तुकड्याच्या पायऱ्या आणि खुब्या आठवून लिहा, पाच मिनिटं. मग मूळ कागदाशी ताडून राहिलेलं लाल शाईने भरायचं. उरलेल्या वेळात आधीच तीन दोष पेरलेली लाइन द्या: कन्व्हेयरखाली एक जुनं लेबल, चुकीचा बॅच क्रमांक, बंद केलेला सेन्सर. शोधा म्हणा. दोष दर खेपेला हलवा, नाहीतर ऑपरेटर जागा पाठ करतात आणि तपासणी शिकत नाहीत. पेरलेलं प्रत्येक लेबल मोजून परत घ्या, आणि हे सगळं लाइन थांबलेली असतानाच करा.

तासांचा हिशेब व्यवस्थापनापुढे ठेवा. दिवसाचे सहा तास धरले तर जुन्या पद्धतीत ६० जणांचे ७२० तास लाइनबाहेर जातात, नव्यात १९५. शिकवणाऱ्याचे तास मात्र ३६ वरून ६५ वर जातात. ही बाजू लपवू नका. तिच्यासाठी प्रत्येक पाळीतले दोन लाइन लीडर शिकवणारे म्हणून आधी तयार करावे लागतील.

---

पुरावा_बघा

बघणारे-ऐकणारे असे गट पाडू नका. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं; माणसाच्या आवडत्या शैलीत शिकवलं तर तो जास्त शिकतो असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. माध्यम कामावरून ठरतं. लेबल अडकण्याची जागा बघावीच लागते, यंत्राचा बदललेला आवाज ऐकावाच लागतो, मग समोर कुणीही असो. ‘वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ ही स्लाइड असेल तर तीही काढा. ते आकडे ज्यांच्या नावावर खपवतात त्या एडगर डेल यांच्या १९४६ च्या ‘अनुभवाच्या शंकू’ या आकृतीत ते नव्हतेच, नंतर कुणीतरी चिकटवले.

प्रौढ शिक्षणाबद्दल एक सावधगिरी. या सिद्धांताचे प्रमुख पुरस्कर्ते माल्कम नोल्स यांनी १९७० च्या पुस्तकात मुलांचं शिक्षण विरुद्ध प्रौढांचं शिक्षण अशी रेघ ओढली होती, पण १९८० च्या आवृत्तीत स्वतःच ती पुसून एकाकडून दुसरीकडे जाणारी वाट मानली. प्रौढ आहे म्हणून तो स्वतःचं स्वतः शिकेल, असं होत नाही. यंत्र पहिल्यांदा बघणाऱ्या चाळिशीतल्या माणसालाही पायरी-पायरीने दाखवावंच लागतं. उलट मुरलेल्याला तेच बारीक मार्गदर्शन अडथळा ठरतं. म्हणून गट पाडायचेच तर अनुभवावर पाडा.

---

प्रशिक्षण_कक्ष

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन अडचणी उरतात. पंधरा-वीस वर्षं लाइनवर असलेले म्हणतात, आम्हाला काय शिकवता. आणि दहाव्या-तिसाव्या दिवसाचं सत्र उत्पादनाच्या घाईत रद्द होणार हे आत्ताच दिसतंय.

---

मूळ_कारण

जुन्या मंडळींना वर्गात बोलावूच नका. दोष पेरलेली लाइन आधी त्यांना द्या. तिन्ही दोष सापडले आणि पायऱ्या बिनचूक झाल्या तर त्यांना प्रशिक्षणातून सूट, आणि पुढच्या गटांसाठी दोष पेरायचं काम त्यांच्याकडे. एखादा सुटला तर तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. मग शिकण्याची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. हे एकेकट्याला करायला द्या. चारचौघांत चूक निघाली तर ती व्यक्ती पुढचं वर्षभर तुमच्या विरोधात उभी राहील, आणि तिचं चूक म्हणता येणार नाही.

खुब्यांचा कागदही त्यांच्याकडूनच घ्या, पण नुसतं विचारून भागत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात जे करतात ते तोंडाला सांगता येत नाही. काम करताना चित्रीकरण करा, मग थांबवून-थांबवून विचारा: इथे हात का थांबला? कशाकडे पाहिलंत? तीन वेगळ्या माणसांचं घ्या. तिघे जिथे वेगळं करतात, तिथे गुणवत्ता विभागाला बसवून एक पद्धत ठरवा.

---

सराव_आधी

सत्र रद्द होण्याबद्दल. तारखेला बांधलेलं सत्र रद्द होतं, कामाला बांधलेलं सहसा होत नाही. ‘दहावा दिवस’ऐवजी ‘आठव्या दिवसानंतरचा पहिला बॅच बदल’ असं लिहा. लाइन तेव्हा थांबलेलीच असते, कोरा कागद तिथेच भरतो. दोष पेरणं मात्र चालू मालाच्या बदलात करू नका, त्यासाठी नियोजित देखभालीची वेळ मागून घ्या.

सुपरवायझर या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे. बॉल्डविन आणि फोर्ड या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडलं की शिकलेलं कामावर उतरण्यात माणूस आणि आराखडा यांच्याबरोबर कामाच्या जागेचाही वाटा असतो. सुपरवायझरकडून दोनच गोष्टी मागा: पाठवण्याआधी पाच मिनिटं बोलून काय बघणार आहे ते सांगणं, आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात एक पूर्ण बदल शेजारी उभं राहून बघणं.

---

पुरावा_बघा

मोजणीची तयारी आजपासून करा, नंतर ती जागा भरून काढता येत नाही. काहीही बदलण्याआधी चार आठवडे, न सांगता, प्रत्येक पाळीतले दहा बदल बघा आणि तिन्ही चुका वेगवेगळ्या मोजा. मग एकाच पाळीपासून सुरुवात करा, बाकी दोन्हींची मोजणी चालू ठेवा. तिथेही चुका तेवढ्याच उतरल्या तर कारण प्रशिक्षण नाही, चाचणी-नगाची साखळी किंवा नवं नोंदपत्रक आहे. ऑपरेटर पाळ्या बदलत असतील तर तुलना पाळीनुसार न करता गटानुसार करा.

अभिप्राय-फॉर्मवरचं ‘प्रशिक्षण आवडलं का’ काढून ‘यातली कोणती पायरी उद्या लाइनवर करता येणार नाही, आणि का’ हे विचारा.