फाइंडरच्या क्रॉसहेअरला लाल उजेड कसा द्यावा?

शततारका:
नमस्कार मंडळी. माझ्या ८ इंची डॉबसोनियन दुर्बिणीवर ८×५० चा सरळ फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आहे. गच्चीवरून क्रॉसहेअर (आतल्या फुलीच्या रेघा) नीट दिसतो, कारण शहरातलं आकाश मुळात करडंच. मागच्या अमावस्येला वांगणीला गेलो आणि पंचाईत झाली. आकाशही काळं, रेघाही काळ्या! स्वरमंडळातल्या एम ५७ तेजोमेघासाठी अर्धा तास गेला. बीटा आणि गॅमा दोन्ही तारे फाइंडरमध्ये लख्ख होते, पण त्यांच्या मधल्या जागेवर नेम धरायचा कशाने? कुणी आत लाल एलईडी बसवलाय का? की सरळ रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारा फाइंडर) घेऊ?

निशाचर_पुणे:
रेड डॉट जरूर घ्या, पण फाइंडर काढू नका. रेड डॉटमधून आकाश जसंच्या तसं दिसतं, मोठं होत नाही. शहरातून जिथे डोळ्यांना धड दोन तारे दिसत नाहीत, तिथे तो काय कामाचा? त्याच जातीचा टेलरॅड मिळाला तर उत्तम, त्यात ठिपक्याऐवजी अर्धा, दोन आणि चार अंशांची वर्तुळं असतात.

रात्रपाळी:
मी दोन फाइंडरना एलईडी बसवलाय. रेघा ज्या कड्यावर ताणलेल्या असतात ते नळीत नेमकं कुठे येतं, ते बाहेरून पेन्सिलीने आखून घ्या. भोक त्याच पातळीवर हवं. उजेड रेघांवर आडवा पडला पाहिजे. डोळ्याकडे थेट आला तर सगळं दृश्य लाल होतं, म्हणून एलईडीवर काळं हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून फक्त टोक उघडं ठेवा.

खरी गोम रेझिस्टरमध्ये आहे. मी आधी नेहमीसारखा ४७० ओहमचा लावला, तर फाइंडरमध्ये अभिजितखेरीज काही दिसेना. आता ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५०० किलोओहमचा पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) आहे. एकूण १०० किलोओहमला जेमतेम १२-१४ मायक्रोअँपिअर वाहतात, आणि काळ्याकुट्ट आकाशात तेवढे पुष्कळ होतात. रेघा लाल केसासारख्या उमटतात आणि शेजारचा अंधुक तारा शाबूत राहतो. पॉट स्विचवाला घ्या, म्हणजे सेल चुकून चालू राहत नाही.

एलईडी लालच हवा. अंधारात आपण ज्या दंडाकार पेशींनी बघतो त्यांना गडद लाल जवळजवळ जाणवत नाही.

शततारका:
मनापासून आभार! भोक पाडताना धातूचा कीस भिंगावर गेला तर? आणि माझ्या रेघा काळ्या कुळकुळीत आहेत.

रात्रपाळी:
पुढचं भिंग आणि मागची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) दोन्ही उतरवूनच ड्रिल लावा, नंतर नळी ब्लोअरने साफ करा. काळ्या रेघा उजेड परतवत नाहीत, त्या बदलाव्या लागतील. मल्टीस्ट्रँड वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा ताणून नेलपॉलिशच्या थेंबाने चिकटवा.

आकाशकंदील:
फाइंडरला सव्वा इंची नेत्रिका बसत असेल तर भोक पाडूच नका, प्रकाशित रेटिकलची (उजळणाऱ्या फुलीची) नेत्रिका तयार मिळते. महाग पडते, पण नळी शाबूत राहते. सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील.

शततारका:
माझी नेत्रिका पक्की बसवलेली आहे, त्यामुळे ड्रिलच. शनिवारी तपकीर गल्ली गाठतो.

रात्रपाळी:
जोडणी झाली की दिवसा तपासू नका. दिवसा काहीच दिसणार नाही आणि तुम्ही उगाच रेझिस्टर कमी कराल. खोलीत पूर्ण अंधार करून वीस मिनिटं बसा, मग डोळा लावा.